बायकोच्या गादीतली गाठ

खिळेकाकांना दोनच गोष्टी उत्तम येत: सोफे दुरुस्त करणं आणि माणसांना नावं ठेवणं. पहिलं काम हाताचं, दुसरं तोंडाचं, तेव्हा दोन्ही एकाच वेळी चालायला हरकत नव्हती. पण बैठकीवर कापड ठोकताना बारीक खिळे तोंडात धरायची त्यांची जुनी सवय होती. मूठभर खिळे गालात ठेवायचे, जिभेने एकेक ओठावर आणायचा, तिथून तो हातोडीच्या लोहचुंबकाला चिकटवायचा आणि ठक्. तेवढा वेळ गिऱ्हाईक सुरक्षित असे. गाल रिकामा झाला की तोंडाचा पट्टा सुटे, आणि मग समोर डॉक्टर असो नाहीतर शाळेचा मुख्याध्यापक, कुणाचीच गय नसे. गल्लीने त्यांना हे नाव विचार करूनच दिलं होतं.

त्यांचं म्हणणं असं, की माणसाला बसायची अक्कल नसते. दुकानात आलेल्या खुर्चीची झिजलेली बैठक ते उलटीपालटी करून बघत आणि मालकासमोरच निकाल देत. “कडेवर बसता तुम्ही. बायकोला भिता.” किंवा, “हा खड्डा बघा. घरात एकच माणूस बसतो, बाकीचे उभे राहून त्याचं ऐकतात.” गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते बरोबर निघे, आणि म्हणूनच लोक जास्त चिडत. फोमच्या गाद्या विकणाऱ्यांना ते माणसात धरत नसत. स्वतःच्या कामाचा मात्र गर्व असा, की विचारू नका. काथ्या पिंजायचा तो हाताने, पट्टे ताणायचे ते वीणेच्या तारेसारखे, आणि कापड चढवण्याआधी डोळे मिटून सगळ्या बैठकीवरून तळहात फिरवायचा. हाताला तिळाएवढंही काही लागलं तर उसवून पुन्हा भरायचं. “माझ्या हातची बैठक खुपत नाही,” हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं असेल, की दर वेळी एक वीट रचली असती तर एखादं देऊळ उभं राहिलं असतं.

अशा माणसाबरोबर संसार कोण करणार? तर काकू करत होत्या, आणि नुसता करत नव्हत्या, तोडीस तोड करत होत्या. काकू पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार खिडकीवर बसत. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, शेजाऱ्याने पंप लावलाय, अशा गाऱ्हाण्यांचा दिवसभर मारा. संध्याकाळी त्या घरी येत, चहाचा कप घेत आणि दिवसभरातली माणसं एकेक करून काकांसमोर उभी करत. आवाज काढत, मान वाकडी करत. त्यांची एक युक्ती होती. माणूस कितीही आरडाओरडा करू दे, त्याच्याकडे टक लावून शेवटपर्यंत ऐकायचं, आणि तो दम खायला थांबला की गोड, सपाट आवाजात विचारायचं, “आणखी काही?”

“एवढं म्हटलं ना,” काकू सांगत, “की भल्याभल्याची हवा जाते. ‘नाही, एवढंच,’ म्हणतो आणि चालायला लागतो. त्याला वाटतं, बाईने मनावर घेतलं. मला तर तो दारातून बाहेर पडेपर्यंत त्याचं तोंडही आठवत नाही.”

यावर काका इतके हसत, की एकदा गालातला खिळा गिळता गिळता राहिले.

मग जेवताना त्यांचं खरं भांडण रंगे. काका तिच्या भावापासून सुरुवात करत. “तुझ्या भावाने खुर्ची घेतलीय म्हणे. खुर्ची कसली, चार पायांची फसवणूक.” काकू म्हणत, “तिला निदान चार आहेत. माझ्या नशिबी दोन पायांची आली.” तिथून पुढे दोन्हीकडचं खानदान निघे. ताटावर आवाज चढे, भिंतीपलीकडचे लोक दूरदर्शनचा आवाज कमी करून ऐकत. आणि मागची आवराआवर होईपर्यंत दोघांपैकी एकजण हमखास फसकन हसे. लेकीला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच जेवतात. आता ती दूरच्या शहरात नोकरी करत होती आणि तिथे जेवताना फार शांत वाटतं म्हणून सुरुवातीला रडली होती.

सांगायचा मुद्दा असा, की खिळेकाकांना उभ्या जगात एकच माणूस बरोबरीचा वाटत होता, आणि ती त्यांची बायको होती. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. ते सांगायचं नसतंच, अशी त्यांची समजूत होती.

एका उन्हाळ्यात काकूंची झोप उडाली. छातीत धडधड व्हायला लागली, खिडकीवर बसल्या बसल्या हात थंड पडायला लागले. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, मन शांत ठेवा. “म्हणजे काही कळलं नाही,” काकांनी भाषांतर केलं. पण कचेरीतल्या एका मैत्रिणीने काकूंना हाताला धरून योग आणि ध्यानाच्या वर्गात नेलं.

हा वर्ग म्हणजे काकांना आयतं कोलीतच मिळालं. रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट हॉल होता, तिथे तो भरे. खालून टर्पेंटाइनचा वास येई आणि वर वीस बायका आणि चार पुरुष दीर्घ श्वास घेत. शिकवणाऱ्या बाई पूर्वी हाडांच्या दवाखान्यात व्यायाम करून घेत. आता त्या पांढरे कपडे घालत आणि झोपलेलं बाळ उठू नये अशा आवाजात बोलत. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातावर एकेक मनुका ठेवली आणि ती पाच मिनिटं खायला लावली. बघायची, हुंगायची, जिभेवर ठेवायची, चावायची नाही. घरी येऊन काकूंनी हे सांगितलं मात्र, काकांनी हातातली हातोडी खाली ठेवली.

“पाच मिनिटं मनुका! उद्या कलिंगड दिलं तर आठवडाभर घरी येणार नाहीस. आणि श्वास शिकवतात म्हणे. इतकी वर्षं काय कल्ल्यांनी घेत होतीस?”

पहिले काही दिवस काकूंनी उत्तरं दिली. “तुमच्या तोंडात खिळे असतात तेवढा वेळ मला ध्यानच लागतं, वेगळा वर्ग कशाला हवा होता,” असं एकदा त्या म्हणाल्या, आणि काका खूश होऊन दोन घास जास्त जेवले. पण मग उत्तरं कमी होत गेली. पहाटे उठून काकू सतरंजीवर ताठ बसायला लागल्या. झाडासारखं एका पायावर उभं राहायला लागल्या. भाजी चिरताना नुसती भाजी चिरायला लागल्या. झोप परत आली, धडधड थांबली, चेहऱ्यावर टवटवी आली. कुणाही शहाण्या नवऱ्याला आनंद झाला असता.

काकांच्या तोंडचा मात्र घास गेला. त्यांनी काकूंच्या आईबद्दल, म्हणजे स्वतःच्या सासूबद्दल, एक ठेवणीतलं वाक्य काढलं. एरवी त्या वाक्यावर दोन दिवसांची बेगमी होत असे. काकूंनी डोळे मिटले, एक श्वास आत घेतला, बाहेर सोडला आणि म्हणाल्या, “मला राग येतोय, हे मला दिसतंय.”

“मग येऊ दे ना!” काका म्हणाले. “दिसतोय काय? राग म्हणजे काय बस आहे, लांबून दिसायला?”

“आला. गेलापण,” काकू म्हणाल्या आणि त्यांना आमटी वाढली.

तेव्हापासून काकांनी चंगच बांधला. ती ध्यानाला बसली की शेजारच्या खोलीत पट्टे ठोकायला घ्यायचे. तिची आवडती कपबशी मुद्दाम खिडकीत ठेवायची. मांजरीने ती पाडली, तर काकूंनी तुकडे उचलले आणि मांजरीच्या पायाला लागलं का ते बघितलं. लेकीला फोन करून त्यांनी तक्रार केली, “तुझ्या आईला काहीतरी झालंय. भांडत नाही.” लेक म्हणाली, “बाबा, लोक यासाठी नवस करतात.” मूर्ख पोरगी, त्यांनी ठरवून टाकलं. बापावर गेली नाही.

खरं सांगायचं तर काका एकटे पडले होते. दिवसभर लोकांना बोललेलं संध्याकाळी कुणाला सांगावं, तर समोरची बाई प्रेमाने ऐकून घ्यायची आणि त्यात भर काही घालायची नाही. एखाद्याने टाळी मागावी आणि समोरच्याने हात जोडावेत, तसं त्यांचं रोज होत होतं. पण आपल्याला बायकोची आठवण येते आणि बायको तर समोरच बसलीय, हे बोलून दाखवायला जे तोंड लागतं, ते त्यांच्याकडे नव्हतं. त्यात खिळेच मावत.

अशात वर्गाच्या बाई एक दिवस दुकानात आल्या. सगळ्यांना जमिनीवर बसून गुडघे दुखतात, तर गोल गाद्या हव्या होत्या, बसायला उंच अशा. काकांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “मन रिकामं करायचं म्हणता, आणि बुडाखाली मात्र भरलेलं लागतं,” ते म्हणाले. बाई शांत हसल्या. काकांना ते हसू मुळीच आवडलं नाही, पण काम घेतलं.

आणि काम त्यांनी अप्रतिम केलं, कारण वाईट करणं त्यांना येतच नव्हतं. गाद्या अशा बसल्या, की वर चेंडू ठेवला तर घरंगळू नये. सर्वात शेवटची गादी काकूंची होती. ती भरताना मात्र ते जरा थांबले. काकू कशी बसते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? कचेरीतल्या खिडकीकडे झुकून झुकून तिचा भार कायम डाव्या बाजूला पडे. तिची कचेरीतली खुर्ची त्यांनीच दोनदा भरून दिली होती. त्यांनी सुतळी घेतली, लिंबाएवढी घट्ट गुंडाळली, दाभणाने चार टाके घालून आवळली, आणि जिथे काकूंचं डावं हाड टेकणार नेमकं तिथे, वरून कळणार नाही एवढ्या खोलवर बसवून टाकली. माणूस टेकला, भरण दबलं, की ती वर यावी असा सगळा हिशोब. वर कापड चढवलं. मग सवयीने डोळे मिटून हात फिरवला, आणि स्वतःच्याच लबाडीवर खूश झाले.

बेत साधा होता. ती त्या गाठीवर तासभर बसेल. मग तिचा राग तिला दिसणार वगैरे नाही, चांगला डोक्यात जाईल. घरी येईल, गादी त्यांच्या अंगावर फेकेल आणि म्हणेल, “मोठे आलात कारागीर! बायकोला बसायला धड गादी देता येत नाही!” आणि मग ते म्हणतील, “गादी ठीक आहे, तुझंच बूड वाकडं आहे,” आणि घर पुन्हा घर होईल.

त्या संध्याकाळी काका दुकान लवकर बंद करून दारात उभे राहिले. काकू आल्या. चपला काढल्या, पाय धुतले.

“कशी आहे गादी?”

“छान आहे,” काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवडा गेला, महिना गेला. काकूंना त्या गादीची एवढी गोडी लागली, की त्या एक दिवसही वर्ग चुकवेनात. इकडे काकांची झोप उडाली. सुतळी सैल झाली का? जागा चुकली का? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं तर नाही? मग त्यांच्या लक्षात आलं, की काकू जिना चढताना डाव्या कमरेवर हात ठेवते. एकदा तिने तिथे मलम लावलेलं त्यांनी पाहिलं. म्हणजे गाठ जागेवर होती. आणि काकू रोज त्या गाठीवर जाऊन बसत होती.

“भरण बसलं असेल,” ते एकदा हळूच म्हणाले. “आण इकडे, परत भरून देतो.”

“असू दे,” काकू म्हणाल्या. “सवय झालीय.”

शेवटी काकांना राहवेना. त्यांनी दुकानातला सगळ्यात चांगला काथ्या काढला, वर कापसाचा थर दिला, काकूंच्या आवडत्या गर्द निळ्या कापडात एक नवी गादी भरली आणि संध्याकाळी, वर्ग संपायच्या वेळेला, ती काखेत मारून ते रंगाच्या दुकानाचा जिना चढले. गुपचूप गादी बदलायची आणि निघायचं. काकू निघून गेल्या होत्या, पण बाई अजून एकट्या सतरंज्या गुंडाळत होत्या.

“बरं झालं तुम्ही आलात,” त्या बाळ न उठवणाऱ्या आवाजात म्हणाल्या. “तुमच्या मिसेसनी आम्हाला केवढं शिकवलं! त्यांच्या गादीत पहिल्या दिवसापासून एक गाठ आहे. मी म्हटलं, माझी घ्या. तर नाही म्हणाल्या. खुपणाऱ्या गोष्टीकडे नुसतं बघता येतं का, हे मला शिकायचंय म्हणाल्या. आता सगळा वर्ग त्यांचं उदाहरण घेतो. आणि तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं. माणूस आहे, कामात चूक व्हायचीच.”

कामात चूक! चोवीस माणसं रोज टर्पेंटाइन हुंगत बसतात आणि त्या सगळ्यांना वाटतं, की खिळेकाकांकडून भरणात गाठ राहिली! ती चूक नव्हती, असं ओरडून सांगावं, तर मग काय होतं तेही सांगावं लागणार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. काकांच्या मनात बायकोच्या कमरेचा विचार आला, पण अब्रूच्या नंतर आला. त्यांनी ती गाठीची गादी उचलली, दोन्ही काखांत दोन गाद्या मारल्या आणि ताडताड घरी आले.

काकू स्वयंपाकघरात ओले कपडे पिळत होत्या. काकांनी दोन्ही गाद्या टेबलावर आदळल्या.

“तुला माहीत होतं?”

“काय?”

“की मी मुद्दाम घातली.”

“बसले तेव्हाच कळलं,” काकू म्हणाल्या. “तुमच्या हातून गाठ राहत नाही. ठेवली तरच राहते.”

एवढं कौतुक काकांचं जन्मात कुणी केलं नव्हतं, आणि ते असं ऐकावं लागलं.

“मग बोलली का नाहीस?”

काकूंनी टॉवेल झटकला. “बोलणार होते. येताना रस्त्याने सगळं तयार करत आले. तुमच्या आजोबांपर्यंत पोचले होते. दारात आले तर तुम्ही उभे. तोंड असं केलेलं, जसं पोरगं खाऊची वाट बघतं. तेव्हा कळलं, तुम्हाला हेच हवंय. म्हटलं, आज नको. दुसऱ्या दिवशी बसले, तर राग होता, पण थोडा कमी. मग रोज थोडा कमी.”

“आणि आता?”

“आता काही नाही. खुपतं, पण ते हाडाला.”

त्यांनी निळ्या गादीवरून हात फिरवला. “ही छान झालीय हो,” त्या मनापासून म्हणाल्या. “कुणासाठी केलीत?”

त्यावर काकांचा बांध फुटला. त्या दिवशी तोंडात एकही खिळा नव्हता. ते काय काय बोलले! पांढऱ्या कपड्यातल्या बाईला बोलले, मनुकेला बोलले, लेकीला बोलले, मेलेल्या सासूला बोलले. घरात माणूस नाही, खांब राहतोय, म्हणाले. एवढी शांत व्हायचं होतं तर लग्न कशाला केलंस, म्हणाले. आणि या सगळ्याच्या मधे, कुठेतरी, आवाज फाटलेला असताना, तेही म्हणून गेले, जे इतक्या वर्षांत कधी म्हणाले नव्हते. “तू बोलली नाहीस तर मी कुणाशी बोलू? मला दुसरं कोण आहे?”

भिंतीपलीकडे दूरदर्शनचा आवाज कमी झाला होता.

पिळलेला टॉवेल हातात धरून काकू काकांकडे टक लावून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. काका दम खायला थांबले. काकूंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा नव्हता, दयाही नव्हती. त्यांनी गोड, सपाट आवाजात विचारलं, “आणखी काही?”

काकांनी तो आवाज ओळखला. वर्षानुवर्षं त्या आवाजावर ते पोट धरधरून हसले होते.

“नाही,” ते म्हणाले. “एवढंच.”

काकू बादली उचलून कपडे वाळत घालायला गेल्या.